रोगी घेऊन जाल, तेव्हा गर्दी घेऊन जाऊ नका



खरिपाची पेरणी आटोपली, पिकं गुडघ्याला लागली, की आम्ही कृषी खात्याची माणसं फवारणीची प्रात्यक्षिकं घेत गावोगाव फिरतो. हातमोजे घाला, नाकातोंडाला फडकं बांधा, वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका, तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकू नका. हे सगळं तुम्ही ऐकलेलं आहे. पण एवढं करूनही कुणाला विषबाधा झाली, निंदणी करताना कुणाला पान लागलं, मळणी यंत्रात कुणाचा हात गेला, तर पुढची लढाई शेतात नसते. ती तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या अपघात विभागात असते. तिथे गावाने कसं वागावं, हा आजचा विषय.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. तर २०१७ चा खरीप आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं. सर्पदंशाचं बघा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे १२ लाख माणसं साप चावून गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली, आणि सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे ऐन आपल्या कामाच्या दिवसांतले. म्हणून हा विषय आपल्या घरचाच आहे.

अशा वेळी वाचवायला समोर कोण असतं? एखादा डॉक्टर, एखादी सिस्टर, एखादा वॉर्डबॉय. आणि त्यांच्याच अंगावर हात टाकण्याचे प्रकार घडतात.

धुळ्यात काय घडलं

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात डोक्याला मार लागलेला एक अपघाती रुग्ण रात्री आणला गेला. त्याला मेंदूच्या शल्यविशारदाची गरज होती आणि तो तिथे नव्हता. ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरने तसं सांगून रुग्णाला दुसरीकडे न्यायला सांगितलं. नातेवाइकांचा आणि बरोबरच्या लोकांचा तोल गेला. त्यांनी त्या डॉक्टरला एवढं मारलं, की त्याच्या एका डोळ्याला गंभीर इजा झाली. पुढच्या काही दिवसांत राज्यात आणखी काही ठिकाणी मारहाण झाली. हजारो निवासी डॉक्टर सामुदायिक रजेवर गेले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. सरकारने रुग्णालयांना सुरक्षारक्षक देण्याचं कबूल केलं, तेव्हा कामं सुरू झाली.

आता शांतपणे विचार करा. मेंदूचा शल्यविशारद नेमणं त्या निवासी डॉक्टरच्या हातात होतं का? नव्हतं. तो स्वतः हाडांच्या विभागात शिकणारा पोरगा. राग होता व्यवस्थेवर, निघाला त्याच्यावर. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय? आणि त्या मारहाणीने रुग्णाला तरी काय मिळालं? उलट पुढचे काही दिवस राज्यभरातल्या गोरगरीब रुग्णांना बाह्यरुग्ण विभागातून हात हलवत परतावं लागलं.

हे एकट्या धुळ्याचं नाही. जून २०१९ मध्ये कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयात वयस्कर रुग्ण गेल्यावर जमावाने एका तरुण डॉक्टरची कवटी फोडली. मे २०२३ मध्ये केरळात कोट्टारक्कराच्या तालुका रुग्णालयात पोलिसांनी तपासणीला आणलेल्या माणसाने पहाटेच्या वेळी एका तरुण डॉक्टर मुलीचा भोसकून खून केला. तालुका रुग्णालय म्हणजे आपल्याकडे असतं तसंच.

मार डॉक्टरला, दुखणं गावाला

मारहाणीचं खरं नुकसान कुणाचं होतं, हे आपल्या ध्यानात येत नाही. डॉक्टर बदली करून घेतो, नाहीतर राजीनामा देऊन शहरात खासगी दवाखाना टाकतो. त्याचं पोट कुठंही भरतं. गावाला मात्र दुसरा डॉक्टर सहज मिळत नाही. कोऱ्या पाटीवर नाव लिहिलं जाईपर्यंत किती पावसाळे जातात, ते ज्यांच्या तालुक्यात जागा रिकामी आहे त्यांना विचारा.

दुसरं नुकसान याहून वाईट आणि ते डोळ्यांना दिसत नाही. एकदा मार खाल्लेला, किंवा शेजारच्या तालुक्यात मार खाल्लेला ऐकलेला डॉक्टर मनातून भितो. अवघड रुग्ण आला की त्याला वाटतं, इथे हात लावला आणि काही झालं तर जमाव चालून येईल, त्यापेक्षा पुढे पाठवलेलं बरं. मग जो सर्पदंश ग्रामीण रुग्णालयात बरा झाला असता, तो साठ किलोमीटर पुढे जातो. वाटेत श्वास थांबतो. म्हणजे काल दुसऱ्या कुणी उगारलेल्या हाताची किंमत आज तुमच्या घरचा माणूस भरतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं.

म्हणून ‘डॉक्टर देवमाणूस, त्याचा आदर करा’ एवढं सांगून मी थांबणार नाही. अपघात विभागात राग नेमका कशामुळे पेटतो, हे समजून घेतलं तर तो आधीच विझवता येतो. त्यातली बरीच कारणं आपल्या शेतातल्या विषाशी आणि सापाशीच जोडलेली आहेत.

डोळ्यांना दिसतं एक, असतं दुसरं

१. ‘डॉक्टर नुसते बघत बसलेत.’ साप चावलेला माणूस नेला, की आपली अपेक्षा असते लगेच लस टोचावी. डॉक्टर मात्र थोडं रक्त काचेच्या नळीत काढतात, नळी २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि वाट बघतात. बाहेर कुजबुज सुरू होते, माणूस मरतोय आणि हे नळीकडे बघतायत. अहो, तीच तर परीक्षा आहे. २० मिनिटांनी रक्त गोठलं नाही, तर घोणस किंवा फुरशाचं विष चढलं असं समजतात आणि लस सुरू करतात. लस घोड्याच्या रक्तापासून तयार होते, तिचीच जोराची रिअ‍ॅक्शन येऊन माणूस दगावू शकतो. म्हणून विषाची लक्षणं असल्याशिवाय ती देत नाहीत. बिनविषारी साप चावला, किंवा विषारी सापाने दात लावले पण विष सोडलं नाही, तर लसीची गरजच नसते. तेव्हा नुसतं लक्ष ठेवणं हाच उपचार.

२. ‘आणला तेव्हा बोलत होता.’ मण्यार रात्री अंथरुणात चावते, खूण धड दिसत नाही, सूजही येत नाही. पोटात दुखतं म्हणून माणूस येतो, चालत येतो. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि काही तासांत श्वास थांबायला लागतो. लस मिळूनही श्वास थांबू शकतो. मग कृत्रिम श्वास द्यावा लागतो. हे विषाचं काम, इंजेक्शनचं नव्हे.

३. ‘आमच्या माणसाला बांधून ठेवलं.’ मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस या जातीच्या कीटकनाशकाची बाधा झाली की तोंडाला फेस येतो, घाम सुटतो, छाती पाण्याने भरते. त्यावर उतारा म्हणजे अ‍ॅट्रोपीन. छाती मोकळी होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. त्याने तोंड कोरडं पडतं, नाडी जोरात चालते, माणूस बरळतो, सलाईन उपसतो, पलंगावरून उडी मारू बघतो. त्याला सांभाळायला हात बांधावे लागतात. नातेवाइकाला वाटतं, चांगल्या माणसाला वेडं केलं. पण तो उताऱ्याचा परिणाम असतो आणि काही काळाने उतरतो.

४. ‘काल बरा होता, आज कसा गेला?’ याच विषाची आणखी एक खोड आहे. पहिला झटका ओसरतो, माणूस चहा मागतो, घरचे म्हणतात सोडा आता. आणि साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान मान उचलेनाशी होते, श्वासाचे स्नायू थकतात. वेळीच कृत्रिम श्वास दिला तर असा माणूस वाचतो. म्हणून डॉक्टर ‘आणखी दोन-चार दिवस ठेवा’ म्हणतात, तेव्हा ‘बिल वाढवायला सांगतात’ किंवा ‘बेड अडवून ठेवलाय’ असं समजू नका. सही करून, जबाबदारी घेऊन रुग्णाला घरी आणू नका.

५. ‘साधा ऑक्सिजनही लावला नाही.’ तणनाशकांमध्ये पॅराक्वाट म्हणून एक औषध आहे. ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. पहिल्या दिवशी माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, घसा जळतो एवढंच म्हणतो. पुढच्या दिवसांत मूत्रपिंड आणि फुप्फुसं निकामी होत जातात. या विषात ऑक्सिजनमुळे फुप्फुसाचा घात वाढतो, म्हणून श्वास फारच कमी पडल्याशिवाय डॉक्टर तो मुद्दाम लावत नाहीत. धान्यात ठेवायच्या किडीच्या गोळ्यांनाही उतारा नाही. डॉक्टर सांगतात, ‘आशा कमी आहे.’ ते हात झटकत नसतात, खरं सांगत असतात.

६. ‘आम्ही आधी आलो, त्याला आधी घेतलं.’ कॅनॉलचं पाणी बारीने मिळतं. अपघात विभागात बारी नसते. ज्याचा श्वास अडकतोय किंवा रक्त थांबत नाही तो आधी, पाय मोडलेला नंतर. आपणही कधी कडेच्या वाफ्यातली रोपं माना टाकायला लागली तर पाणी आधी तिकडे वळवतोच की. तुमच्या माणसाला थांबवलं, याचा अर्थ बऱ्याचदा असा, की त्याच्या जिवाला या क्षणी धोका कमी आहे.

७. ‘पुढे न्या म्हणाले.’ प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण सहा खाटांचं असतं, ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचं. कृत्रिम श्वासाचं यंत्र, मूत्रपिंडासाठी डायलिसिस, मेंदूची शस्त्रक्रिया या गोष्टी बहुधा वरच्या रुग्णालयातच असतात. पुढे पाठवणं हा दरवेळी हलगर्जीपणा नसतो. त्या वेळी भांडत बसण्यापेक्षा तीन गोष्टी मागा: आतापर्यंत काय औषध, किती वाजता दिलं त्याची चिठ्ठी, पुढच्या रुग्णालयाला फोन, आणि १०८ ची रुग्णवाहिका. या तीन गोष्टी मागणं तुमचा हक्क आहे.

८. ‘आम्ही काय गुन्हेगार आहोत?’ विषबाधा, अपघात, भाजणं, मारहाण अशा वेळी रुग्णालय पोलिसांना कळवतं. ते त्यांना करावंच लागतं, तुमच्यावर आरोप म्हणून नव्हे. मात्र पोलिसांचा कागद येईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केलंय. कुणी आधी कागद आणा म्हणालं, तर तिथल्या वरिष्ठांना ही गोष्ट शांतपणे सांगा.

आपल्याकडून होणारा उशीर

एक कडू गोष्टही बोललीच पाहिजे. साप चावल्यावर आधी मांत्रिकाकडे नेतात. कडुलिंबाचा पाला चावायला देतात, मिरची चाखवतात, जखम चिरतात, दोरीने करकचून आवळतात. यात दोन-तीन तास जातात. फवारणीत विषबाधा झाली तर मिठाचं पाणी पाजून ओकाऱ्या काढतात. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या छातीत ते उतरतं आणि दुखणं दुप्पट होतं. मग घाईघाईने दवाखाना गाठायचा आणि पंधरा मिनिटांत माणूस गेला की डॉक्टरची कॉलर धरायची. तहान लागल्यावर विहीर खणायची आणि पाणी लागलं नाही म्हणून खणणाऱ्याला मारायचं, असा हा न्याय झाला.

काही घरांत खरं लपवलं जातं. रागाच्या भरात कुणी औषध प्यालेलं असतं आणि घरचे ‘फवारताना झालं’ म्हणून सांगतात. अंगावर उडालेलं विष आणि पोटात गेलेलं विष यांचे उपचार वेगळे. खोटं सांगितलं की उपचाराची पहिली घटका वाया जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली होता असं समजून शिक्षेपासून संरक्षण दिलंय. तेव्हा भिऊ नका, डॉक्टरला एका बाजूला घेऊन खरं सांगा. आणि बरा झालेल्या माणसाला घरी आणल्यावर टोचून बोलू नका, त्याला एकटं सोडू नका.

गावाने काय करावं

जीप, ट्रॅक्टर, मोटारसायकली भरून चाळीस-पन्नास माणसं रुग्णाबरोबर जातात. हेतू चांगला असतो, शेजारधर्म असतो. पण एवढी माणसं अपघात विभागाच्या दारात उभी राहिली, की आत वारा जात नाही, सिस्टरला पलीकडच्या कपाटापर्यंत पोहोचता येत नाही. प्रत्येक जण वेगळं विचारतो, प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळतं. त्यात एखादा पिऊन आलेला असतो, एखाद्याला पुढारपण दाखवायचं असतं. पहिली शिवी त्याच्या तोंडून जाते आणि नाव सगळ्या गावाचं होतं. रुग्णाचा सख्खा भाऊ बिचारा कोपऱ्यात रडत बसलेला असतो, हात उगारणारा असतो भलताच.

म्हणून पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत पुढील गोष्टी ठरवून टाका.

गावातून रुग्णाबरोबर तिघांनी जायचं, जास्त नाही. एकाने रुग्णाजवळ राहायचं. दुसऱ्याने डॉक्टरांशी बोलायचं, आणि तोच एकटा बोलेल. तिसऱ्याने कागद, औषध, रक्त, गाडी यांची धावपळ बघायची आणि गावाला फोन करून खरी हकिगत कळवायची. बोलणारा माणूस घरातलाच पाहिजे असं नाही, थंड डोक्याचा पाहिजे. प्रत्येक वस्तीवर असे दोघे-तिघे आधी हेरून ठेवा, त्यांची नावं आणि फोन ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. दारू प्यालेल्या माणसाला गाडीत बसवायचं नाही, हा नियम मोडू देऊ नका.

बरोबर माहिती न्या. विषबाधा असेल तर औषधाचा डबा किंवा बाटली आणि तिच्याबरोबरचं माहितीपत्रक न्या. बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण विषारीपणा सांगतो आणि उताऱ्याची माहितीही पत्रकात असते. किती वाजता झालं, किती पंप मारले, अंगावर सांडलं की तोंडात गेलं, आधी काय उपाय केले, हे कागदावर लिहून न्या. साप चावला असेल तर वेळ लिहा. साप मारायला, पकडायला थांबू नका, दुरून फोनवर फोटो मिळाला तर ठीक. विषबाधेत निघण्याआधी कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवा, बेशुद्ध असेल तर कुशीवर झोपवा. सर्पदंशात चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि माणसाला चालवू नका.

फोन आधी करा. १०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि ती मोफत आहे. गाडी निघाली की आशाताईंमार्फत रुग्णालयात कळवा, म्हणजे लस आणि माणूस तयार राहील.

लसीची चौकशी आधी करा. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी जूनच्या सुरुवातीलाच प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि ग्रामीण रुग्णालयाला लेखी विचारावं: सर्पदंशाची लस किती आहे? अ‍ॅट्रोपीन किती आहे? रात्री ड्यूटीला कोण? रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत हा विषय घ्यायला लावा. साठा नसेल तर जिल्हा आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे तेव्हाच तक्रार करा. मध्यरात्री रुग्ण दारात असताना लस नाही म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. भांडायचंच असेल तर जूनमध्ये, दिवसाउजेडी आणि योग्य माणसाशी भांडा.

तिथे भडका उडालाच, तर पोलीस पाटील किंवा जो कुणी वडीलधारा असेल त्याने आधी आपल्या माणसांना बाहेर काढावं, वाद नंतर. मोबाईलवर चित्रण करत कुणी चिथावत असेल तर त्याला थांबवावं. पोलिसांची गरज वाटली तर ११२ ला फोन करावा. हे काम डॉक्टरपेक्षा गावचा माणूस चांगलं करतो, कारण त्याचं ऐकलं जातं.

तक्रार असेल तर

सगळे डॉक्टर निर्दोष असतात असं माझं म्हणणं नाही. ड्यूटीवर हजर नसणं, उद्धट बोलणं, बाहेरून औषध आणायला लावणं, खरोखरची हयगय, या गोष्टी घडतात. त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण तो कागदावर. उपचाराच्या कागदपत्रांची प्रत मागा. लेखी अर्ज केल्यापासून ७२ तासांच्या आत ती द्यावी असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. मग सरकारी रुग्णालय असेल तर वैद्यकीय अधीक्षक, त्यावर जिल्हा शल्यचिकित्सक, प्राथमिक केंद्र असेल तर जिल्हा आरोग्य अधिकारी. डॉक्टरच्या चुकीबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषद. पैसे देऊन घेतलेल्या उपचारात हयगय झाली असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. वेळ लागतो, कबूल. पण ज्याने मारहाण केली, त्याची खरी तक्रारही मग कुणी ऐकून घेत नाही. फिर्यादी व्हायचं सोडून तो आरोपी होतो.

आणखी एक गोष्ट आमच्या खात्याशी संबंधित. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश, कीटकनाशकाची अपघाती विषबाधा, वीज पडणं अशा कारणांनी मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख रुपयांची मदत मिळते. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत करावा लागतो. त्याला पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल असे कागद लागतात आणि ते रुग्णालय आणि ठाण्यातूनच येतात. दुःखाच्या भरात शवविच्छेदनाला नकार देऊन, तोडफोड करून प्रेत उचलून आणलं, तर पुढे विधवा बाई आणि लेकरं त्याच कागदांसाठी खेटे घालतात. तेव्हा त्या वेळी बरोबर असलेल्या तिघांनी हे ध्यानात ठेवावं.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्राने २०१० मध्ये यासाठी वेगळा कायदा केला. डॉक्टर, सिस्टर, इतर कर्मचारी, शिकाऊ विद्यार्थी यांच्यावर हल्ला केला किंवा रुग्णालयाची मोडतोड केली, तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिवाय मोडलेल्या सामानाच्या नुकसानीची दुप्पट भरपाई. ती भरली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद आहे. म्हणजे फोडलेल्या यंत्राचा हिशेब थेट सातबाऱ्यापर्यंत येऊ शकतो. सरकारी कर्मचाऱ्याला कामापासून रोखल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ वेगळं लागतं. ऑगस्ट २०२४ पासून केंद्राच्या आरोग्य खात्याने सरकारी रुग्णालयप्रमुखांना हल्ल्यानंतर सहा तासांच्या आत गुन्हा नोंदवायला सांगितलंय. गावातला पोरगा एका थपडेपायी पोलीस भरतीला मुकतो, कोर्टाच्या तारखा करत बसतो. पुढं ‘समजुतीने मिटवा’ म्हणत फिरण्यापेक्षा हे आधी सांगितलेलं बरं.

रुग्णालयाच्या बाजूनेही काही हवं

टाळी एका हाताने वाजत नाही. हे पान डॉक्टर आणि रुग्णालयाचे अधिकारीही वाचत असतील तर त्यांना विनंती. अपघात विभागाबाहेर मराठीत फलक लावा: कोणाला आधी घेतात, रक्त नळीत का ठेवतात, लस शिल्लक किती, आज ड्यूटीला कोण. नातेवाइकाला दर अर्ध्या-एक तासाने कुणीतरी बाहेर येऊन दोन वाक्यं सांगा, भले ती ‘अजून काही बदल नाही’ एवढीच असोत. माणूस गेल्याची बातमी व्हरांड्यात उभ्या उभ्या न सांगता घरच्या दोघांना बाजूला बसवून वरिष्ठांनी सांगा. रात्री एकट्या सिस्टरच्या भरवशावर विभाग सोडू नका, दारावर पहारेकरी ठेवा, रुग्णाबरोबर दोघांपलीकडे आत सोडू नका. पाणी आणि बसायला बाकडं ठेवा. तहानलेला, उभा राहून थकलेला माणूस लवकर पेटतो, हे साधं आहे.

तर बंधूंनो, फवारणीच्या पंपाबरोबर हातमोजे जसे आधी घेता, तशी ही तयारीही आधी करून ठेवा. पहिल्या पावसाच्या आधी ग्रामसभेत हा विषय घ्या, तिघांची नावं ठरवा, लसीचा साठा विचारा, तालुक्याच्या डॉक्टरांना एकदा गावात बोलावून चहा पाजा आणि सर्पदंशावर बोलायला सांगा. ओळखीच्या माणसावर हात उठत नाही, आणि ओळखीच्या गावचा रुग्ण परतवायला डॉक्टरचंही मन होत नाही. ग्रामसभेची सूचना काढताना सरपंचांनी एवढा एक विषय वाढवावा, ही विनंती.